नेमाचं ताट आणि सातशे पानं

मला क्षयरोग झाला होता. आता बरा आहे. एवढी दोन वाक्यं लिहायला मला दीड वर्ष लागलं. त्यातले सहा महिने औषधाचे. उरलेलं वर्ष कसलं, ते पुढे येईलच.

आजारातून उठलेली माणसं लिहायला बसली की देवाचे, डॉक्टरांचे आणि घरच्यांचे आभार मानतात. मला ते जमणार नाही. माझ्या आजारात सगळ्यांत घाण गोष्ट होतो मी स्वतः. माझ्यासारखा एखादा बाबा गोळ्यांचं पाकीट कपाटात शर्टांखाली लपवून हे वाचत असेल, तर त्याच्यासाठी लिहितोय.

कादंबरीतला माणूस

भोरच्या वाचनालयाचा मी पंचवीस वर्षांपासूनचा वर्गणीदार. आजाराच्या वर्षी ज्येष्ठात एक जाडजूड कादंबरी घरी आणली. दोन भाग एकत्र बांधलेले, सातशेच्या वर पानं. परदेशातली, जुनी, नावाजलेली, कुणा हेडमास्तरांनी मराठीत आणलेली. तिचं नाव सांगत नाही. पुस्तक चांगलं आहे, माझ्या गोष्टीत त्याला कशाला ओढू?

तिचा नायक एका बंदरावरच्या वखारीचा मालक. एका संध्याकाळी हा वखारीत कंदील पेटता ठेवून निघून जातो. आग लागते. आळ रखवालदारावर येतो आणि रखवालदार तुरुंगात जातो. हे सगळं पन्नासाव्या पानापर्यंत उरकतं. पुढची साडेसहाशे पानं मालक तळमळत असतो. समुद्राकडे बघतो, प्रार्थनेला बसून रडतो, रखवालदाराच्या बायकोला फळांची टोपली पाठवतो. फक्त तोंड उघडत नाही.

मी तहसील कचेरीत कारकून आहे. बायको जाऊन आठ वर्षं झाली, मूलबाळ नाही. घरात आई, धाकटा भाऊ सुनील आणि त्याची बायको शैला. सुनीलचं लग्न उशिरा झालं, त्या वर्षी लग्नाला तीन वर्षं होत होती. शैला वेल्ह्याकडची, राजगडाखालच्या पालीची. बारावी झालेली आणि वाचायची भूक दांडगी. सुनील दुकान बंद करून आठला यायचा. त्याआधी साडेसहा ते साडेसात मी पुढच्या खोलीत मोठ्यानं वाचायचो. आई खुर्चीत, शैला समोर जाजमावर घेवडा नाहीतर मेथी निवडत. डास येतात म्हणून खिडक्या बंद.

आईला तो वखारवाला फार आवडायचा. "किती हळवा आहे बिचारा," म्हणायची.

शैला म्हणायची, "हळवा कसला आई, रिकामा आहे. रखवालदाराला कुठं वेळ मिळतोय हळवं व्हायला?"

मी हसायचो. हसताना खोकला यायचा. खोकला ओसरला की पुढचं पान.

निदान

खोकला अडीच महिने होता. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, पट्टा दोन भोकं आत गेला. कचेरीत विचारलं तर सांगायचो, "डाएट करतोय." भोरमध्ये तपासलं नाही. आपल्या गावात आपण कुठल्या डॉक्टरच्या बाकावर बसलो हे संध्याकाळपर्यंत चौकात माहीत होतं. आषाढाच्या तोंडाला पुण्याला गेलो.

मला मुलगी असती तर डॉक्टरीण तिच्या वयाची असेल. फोटो उजेडासमोर धरून म्हणाली, "टीबी आहे. सहा महिने गोळ्या घेतल्या की बरा होतो. फुप्फुसाशेजारी पाणी झालंय, ते काढायला चार दिवस राहावं लागेल. घरी कोण कोण आहे? सगळ्यांना तपासून घेऊ."

"एकटाच असतो," मी म्हणालो.

हे खोटं मी ठरवून बोललो नाही. 'चहा घेणार का' या प्रश्नाला आपण 'नको' म्हणतो ना, तितक्या सहज आलं. पत्ताही पुण्यातल्या मित्राचा दिला. ती म्हणाली, "पहिले काही आठवडे मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, हा हवेतून पसरतो. कचेरीत, शेजारी, जिथं तासन्‌तास बसता तिथं सांगा."

मी मान डोलावली. कचेरीत ज्याचं काम करायचं नसतं त्याच्यापुढे डोलावतो, तशी.

चार दिवस

घरी सांगितलं, पुण्यात प्रशिक्षण आहे. वॉर्डात सहाला चहा, सातला फरशी, नऊला डॉक्टर. पाठीतून सुई घालून पाणी काढतात तेव्हा उशी मिठीत धरून पुढे वाकून बसायचं. पहिल्या वेळी मी इतका थरथरत होतो की नर्सनं माझा अंगठा तिच्या मुठीत धरून ठेवला. त्या चार दिवसांत मला कुणी धरलं असेल तर तेवढंच. पाणी निघालं आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा छातीभर श्वास आला, ते सुख खरं होतं.

शेजारच्या खाटेवर कापूरहोळचा एक गॅरेजवाला होता, त्यालाही टीबीच. त्याची बायको डबा घेऊन यायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्या ह्यांना टीबी झालाय. घरातल्या समद्यांची तपासनी केली, कुनाला काय न्हाई." मग नवऱ्याला, "आन तुमी तो मास वर घ्या की. हनुवटीला लावून काय दाढी झाकताय व्हय?"

मला तिचा तिटकारा आला. वाटलं, काय ही माणसं, कसली लाज नाही. पुस्तक सोबत नेलं होतं, त्यातल्या वखारवाल्याच्या नाजूक दुःखात तोंड खुपसलं.

नेम

आषाढी एकादशीला घरी जाहीर केलं, "या चातुर्मासात माझा नेम आहे. माझं ताट-वाटी-तांब्या वेगळा. कुणी शिवायचं नाही, मी स्वतः धुणार."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं माझ्या वडिलांचं जर्मन सिल्व्हरचं ताट काढून दिलं. शेजारच्या काकूंना बोलावून सांगितलं, "आमचा थोरला किती सोवळ्यात असतो बघा हल्ली." काकू म्हणाल्या, "पूर्वपुण्याई हो."

डॉक्टरनं सांगितलं होतं की ताटानं काही होत नाही. पण ताट वेगळं करता येत होतं, त्यात मानही मिळत होता. मास्क लावला असता तर प्रश्न आले असते. वाचन थांबवलं असतं तर शैलानं विचारलं असतं, का थांबवलं. म्हणून मी ताट वेगळं केलं आणि रोज एक तास बंद खोलीत तिच्यासमोर तोंड उघडून वाचत राहिलो. जे धोक्याचं नव्हतं ते पाळलं आणि जे होतं ते चालू ठेवलं. आमच्यासारख्या चांगल्या वळणाच्या माणसांना हे बरोबर जमतं.

गोळ्या शर्टांखाली. महिन्याला पुण्याची एक 'कचेरीची' फेरी. गोळ्यांनी मळमळायचं, सांधे दुखायचे, लघवी नारिंगी व्हायची. नव्यांना सांगतो, त्याला घाबरू नका, तो औषधाचा रंग आहे. मी मात्र प्रत्येक वेळी दोन बादल्या पाणी ओतायचो. आश्विनात वजन वाढू लागलं. आई म्हणाली, नेमाचं तेज आलंय.

दुसरं ताट

दिवाळीनंतर शैलाला खोकला लागला. तीन आठवडे झाले, संध्याकाळचा ताप सुरू झाला, आणि भोरच्या सरकारी दवाखान्यात तिची थुंकी तपासली. क्षयच निघाला. सुनील रडवेला झाला, म्हणून मी सोबत गेलो. तिथल्या बाई चांगल्या होत्या. वही उघडून विचारलं, "घरात आधी कुणाला झालाय? कुणाला खोकला?"

शैला माझ्या डाव्या हाताला बसली होती. मी म्हणालो, "नाही. कुणालाच नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या भिंतीकडे पाहत होती. पुढे आई आणि सुनीलची तपासणी झाली, दोघंही स्वच्छ. मी दोनदा कचेरीचं काम सांगून टाळलं.

घरी आल्यावर आईनं कपाटातून नेलपॉलिश काढलं आणि शैलाच्या ताटाच्या कडेला लाल ठिपका लावला, चुकून मिसळू नये म्हणून. बाईंनी गरज नाही म्हणून सांगितलं होतं, पण आईपुढे कोण बोलणार? ते ताट मोरीजवळ, जमिनीवर पालथं. चार महिने माझं ताट देवघराशेजारी फळीवर होतं. दोन्ही ताटांचं कारण एकच होतं आणि ते मला एकट्याला माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

आई म्हणाली, "तिचा बाप सदा खोकत असतो. तिकडूनच आणलंय." आठ दिवसांत शैलाला आरामासाठी माहेरी धाडलं, ठिपक्याच्या ताटासकट. तिच्या वडिलांनी, आबांनी, स्वतःला दोनदा तपासून घेतलं. दोन्ही वेळा काही निघालं नाही. आई म्हणाली, "कागदाचं काय खरं असतं?" तीस वर्षं कागदावर जगलेल्या माणसाच्या आईनं हे म्हणावं.

मी काय केलं? सुनीलबरोबर डाळिंबांची पेटी पाठवली. पेटी टेम्पोत ठेवताना वखारवाल्याची फळांची टोपली आठवली. आठवूनही पेटी पाठवलीच.

तिचा फोन यायचा. आईची चौकशी करायची, मग मला विचारायची, "दादा, पुस्तक कुठवर आलं?"

"पाचशेनव्वद."

"बोलला का तो?"

"अजून नाही."

"बरं," म्हणायची, आणि ठेवून द्यायची.

मसुदा

माझा औषधाचा कोर्स पौषात संपला. पुण्याच्या डॉक्टरणीनं पाठ थोपटून सांगितलं, "एकटे राहून छान पूर्ण केलंत." मी थँक्यू म्हणालो.

माघात एका रविवारी सकाळी सुनील एक कागद घेऊन आला. वकिलानं लिहिलेला नोटिशीचा मसुदा. म्हणाला, "दादा, तू कचेरीतला माणूस. एकदा नजर टाक."

त्यात होतं की मुलीकडच्यांनी तिचा जुना रोग लपवून लग्न लावून दिलं, सबब फारकत मिळावी. 'रोग लपवून' हे शब्द दोनदा होते. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "बघून घे रे नीट. तुझ्या नजरेतून काही सुटत नाही."

सुनील पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडत होता. "मला हे नकोय रे," हळूच म्हणाला. "पण आई म्हणते, फसवलंय आपल्याला. तूच सांग, फसवलंय का?"

अशी वेळ कादंबरीत येते तेव्हा वीज कडाडते. माझ्याकडे कुकरची शिट्टी झाली. मी कागद दोनदा वाचला आणि म्हणालो, "ठेव माझ्याकडे. उद्या सांगतो." रविवारी एवढंच झालं माझ्याकडून.

पाली

सोमवारी रजा टाकली. भोरहून एसटीनं कापूरहोळ, तिथून नसरापूर, आणि नसरापूरहून वडापची जीप. माझ्या मांडीवर एका ट्रेकरची सॅक आणि सॅकखाली ती कादंबरी. सहाशेदहाव्या पानावर एसटीचं तिकीट घालून ठेवलेलं.

आबा ओट्यावर दोर वळत होते. उठले. "या पाव्हणं. एकलंच आलाव? बसा. शैले, पानी आन गं, तुझं दीर आल्यात."

शैला पाणी घेऊन आली. अंगानं भरली होती, चेहरा उजळला होता. मी पाणी प्यालो, मसुदा काढून तिच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. पुण्याचं, नेमाचं, 'कुणालाच नाही'चं. रस्ताभर जुळवलेली वाक्यं होती, त्यातलं एकही वापरलं नाही. सांगून संपायला जेमतेम पाच मिनिटं लागली असतील. एवढीशी गोष्ट होती.

तिनं मसुदा वाचला, घडी घालून मला परत दिला.

"मला माहीत आहे, दादा."

"काय?"

"मी पहिली गोळी घेतली त्याच दिवशी कळलं. मोरी मीच धुवायचे ना? तो रंग मी श्रावणापासून बघत होते. मला वाटायचं, काय आयुर्वेदाचं चाललं असेल. मग माझाच तसा आला."

"मग बोलली का नाहीस?"

"मी?" ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली, आणि ते हसू मी आयुष्यभर विसरणार नाही. "माहेरी धाडलेली, आजारी, ठिपक्याची. तुमच्या नेमाबद्दल मी बोलले असते तर आईंनी मला घराबाहेर नाही, गावाबाहेर काढलं असतं. म्हटलं, बघू किती पानं लागतात याला."

आबांचा दोर थांबला होता. म्हणाले, "म्या दोन येळा थुकी दिली, पाव्हणं. दवाखान्यात लाइनीत हुबा राहून. लोक इचारायची, आबा, लेकीला तुमीच दिलं म्हनं? म्या म्हनायचो, आसंल बाबा. आपल्याला काय ठावं?" मग पुढ्यातल्या कपाकडे बोट दाखवून म्हणाले, "च्या घ्या, निवतोय."

चहा घेतला. मी माफी मागितली. शैला म्हणाली, "ती नंतर. मला सांगून काय उपयोग? मला तर ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा. आणि मी येईन ते औषध पुरं करून. न्यायला सुनील नको, तुम्हीही नको. आईंनी यावं."

"आईचे गुडघे..."

"जीप दारापर्यंत येते," शैला म्हणाली.

घर

त्याच संध्याकाळी पुढच्या खोलीत दोघांना बसवलं. खिडक्या उघडल्या. माझी पुण्याची फाइल, गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि तो मसुदा जाजमावर ठेवला आणि सांगितलं.

सुनीलनं मसुदा उचलला. फाडला, मग उठून माझ्यासमोर आला. वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "मी तिच्या बापाला तोंडावर बोललोय रे, रोग तुमच्याकडचाच म्हणून." आणि चप्पल घालून बाहेर गेला. पुढे दोन महिने तो माझ्याशी 'मीठ दे' एवढंच बोलत होता.

आई पहिल्यांदा म्हणाली, "हळू बोल, खिडकी उघडी आहे."

मग म्हणाली, "आता तर बरा झालास ना? मग आता कशाला उकरायचं?"

मग बराच वेळ देवघराशेजारच्या फळीकडे, वडिलांच्या ताटाकडे बघत राहिली. "मी शेजारी सांगितलं होतं," म्हणाली. तिला त्याचंच सगळ्यात जास्त लागलं होतं. मी तिच्याच पोटचा, वेगळा कुठून असणार?

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन त्या बाईंना माझं नाव वहीत लिहायला लावलं. त्या ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "तेव्हाच सांगितलं असतंत तर तिला आणि घरच्यांना वेळेत बघता आलं असतं." कचेरीतही सांगितलं. दोन जणांनी माझ्या टेबलावर चहा घ्यायचं सोडलं. एका शिपायानं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "साहेब, दोन महिने खोकला असला तर कुठं जायचं?" त्याला घेऊन गेलो.

तुम्हालाही तेवढंच सांगतो. खोकला दोन आठवड्यांवर गेला की तपासा. निघालाच तर घरी सांगा, त्याच दिवशी, चहाच्या आधी. गोळ्या सहा महिने लागतात, सांगायला पाच मिनिटं.

शेवटची शंभर पानं

शैलाचं औषध वैशाखात पुरं झालं. आई यायला तयार व्हायला आणखी तीन आठवडे गेले. आधी गुडघे होते, मग ऊन, मग अमावास्या. शेवटी सुनील म्हणाला, "तू नाही गेलीस तर मीच तिकडं राहायला जातो." ती जीपमध्ये पुढच्या सीटवर बसली, मी फक्त सोबतीला म्हणून मागे.

आबांनी तिचं नीट स्वागत केलं. स्वयंपाकाला वेळ होता. शैला म्हणाली, "दादा, पुस्तक आणलंय?" आणलं होतं. ओट्यावर, वाऱ्यात, मी शेवटची पानं वाचली. बरीच गाळली. सातशेचौदाव्या पानावर वखारवाला भर कोर्टात उभा राहतो आणि म्हणतो, कंदील माझा होता. रखवालदार तोवर तुरुंगात म्हातारा झालेला असतो. मग मालकाला शांत झोप लागते, आणि कादंबरी संपते.

आबांनी विडी विझवली. "म्हंजी एवडं जाडजूड पुस्तक, आन त्यात हे एकच म्हनायचं व्हतं?"

"हो."

"आन झोप ह्यालाच लागली?"

मी पुस्तक मिटलं.

जेवायची पानं मांडली. पिठलं, भाकरी, वर कांदा. त्या घरात ताटं एकावर एक ठेवलेली असतात, कुणाचं कुठलं असं नाही. शैला आत गेली, ताट वाढून आणलं आणि आईपुढे ठेवलं. कडेला लाल ठिपका होता. अर्धा झिजलेला, पण होता.

आईनं ठिपका पाहिला. मग शैलाकडे पाहिलं. शैला वाढपाची पळी हातात धरून उभी होती. आबांनी हातातला घास खाली ठेवला. माझ्या तोंडावर आलं होतं की आई, बदलून देतो. पहिल्यांदाच, गप्प राहणं बरोबर होतं.

आईनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि खाल्ला. चावायला तिला फार वेळ लागला.

"मीठ कमी आहे," म्हणाली.

"घ्या की," शैला म्हणाली, आणि मिठाची वाटी तिच्यापुढे सरकवली.